पाहुण्याचा उरलेला डोळा

माझी मावशी खुर्च्या विणते. चौकट सुतार करतो. चौकटीच्या मधोमध, माणूस बसतो त्या जागी, वेताची जी जाळी असते ती मावशी विणते. तुम्ही अशा खुर्चीवर कधीतरी नक्की बसला असाल, आणि आपण कशावर बसलो होतो याचा विचार न करता उठूनही गेला असाल. त्यात काही वावगं नाही. मावशी म्हणते, खुर्ची लक्षात राहिली म्हणजे ती कुठेतरी टोचली.

तरुणपणी ती फर्निचरच्या एका कारखान्यात विणकामाला होती. पुढे कारखान्यानं प्लॅस्टिकच्या तयार जाळ्या आणल्या आणि विणकाम बंद झालं. बाकीच्या बायका कुणी शिवणाकडे वळल्या, कुणी पॅकिंगला गेल्या. मावशीनं आपली हत्यारं पिशवीत घातली आणि घरी येऊन पुढच्या खोलीत बैठक मांडली. मावसा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे थोडी मोकळी जागा, आणि गल्लीनं दिलेलं नाव: खुर्चीवाली.

तिची कामाची रीत ठरलेली आहे. बुटक्या स्टुलावर ती बसते, खुर्ची समोर. उजव्या हाताला जमिनीवर घडी घातलेलं जाड फडकं, त्यावर हत्यारं ओळीनं: टोच्या, लाकडी खुंट्या, कात्री, चिमटा. डाव्या हाताला पाण्याचं घमेलं, त्यात वेताच्या सोललेल्या पट्ट्या भिजत पडलेल्या. एक हत्यार उचलायचं, वापरायचं, होतं तिथेच ठेवायचं, मग दुसऱ्याला हात लावायचा. या बाबतीत ती इतकी कडक, की माझी आई म्हणते, "हिच्या घरात माशीसुद्धा उडाली तर परत त्याच जागी येऊन बसते."

वस्तीच्या टोकाला, टायरच्या गोदामापलीकडे, सोडून दिलेल्या जनावरांसाठी एक निवारा आहे. तिथल्या ऑफिसातल्या खुर्च्यांची जाळी फाटली, म्हणून मावशी सामान घेऊन तिथेच कामाला बसली. समोर गजांच्या खोल्यांची रांग. नवीन माणूस दिसल्यावर सगळी कुत्री गजांना येऊन भिडली, भुंकून भुंकून त्यांनी जागा डोक्यावर घेतली. शेवटच्या खोलीतला एकच कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता. तपकिरी, मध्यम अंगाचा, एक कान दुमडलेला. मावशीची एक खुर्ची विणून होत आली तरी त्यानं मान वळवली नाही.

निवाऱ्याची बाई गमबूट घालून फरशी धूत होती. मावशीनं तिला विचारलं, "त्याला शिक्षा केलीय का?"

"आम्ही नाही हो. आधी कुणीतरी केलीय. तो अजून भोगतोय."

"काय केलं होतं त्यानं?"

"त्यानं काय करायचंय? आला तेव्हा पाठभर वळ होते. बारीक, लांब. कशाचे तर..." एवढं बोलताना बाईची नजर मावशीच्या मांडीवरच्या वेताच्या जुडीकडे गेली. पाण्याचा पाइप घेऊन ती दुसरीकडे गेली.

संध्याकाळी मावशीनं माझ्या आईला फोन केला. मी शेजारीच होते, आणि आई फोनवर बोलते तेव्हा पलीकडचा माणूसही आमच्या घरात ऐकू येतो.

"ताई, मी कुत्रा आणतेय."

"राखणीला?"

"नाही गं. त्याचीच राखण करावी लागेल. घाबरट आहे."

"अगं, लोक शिकारी कुत्रा आणतात, शोभेचा आणतात. घाबरट कुत्रा कोण आणतं?"

"माझ्या मालानं मारलंय त्याला."

"तू मारलंस का? जगात काय तुझा एकटीचाच वेत आहे?"

"वेत बसायला असतो, ताई," मावशी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आईनं फोन खाली ठेवला. "हिला लहानपणापासून दुसऱ्याचं दुखणं विकत घ्यायची खोड आहे," ती म्हणाली.

निवाऱ्याच्या बाईनं कुत्रा देताना काही लपवलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणीच तयार होत नव्हतं. आपल्या डोळ्यांवर सतत एक ओला थर असतो, तो याच्या डोळ्यांवर नव्हता. त्यामुळे डोळा कोरडा पडून वरची काच दुधाळ होत जाते. डावा डोळा तसाच गेला होता. उजव्याच्या कडेला पांढुरकी झाक दिसायला लागली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते, पण ते रोज तीन वेळा घालायचे होते, आणि या कुत्र्याच्या तोंडाजवळ कुणाचा हात पोचत नव्हता. निवाऱ्यात दोघांनी धरून घातले, तर त्यानं अन्न सोडलं.

"धरून-बांधून घातले तर डोळा वाचेल, कुत्रा वाचणार नाही," डॉक्टर म्हणाले. ते जाडजूड, हळू बोलणारे गृहस्थ होते. "झाक बाहुलीपर्यंत पोचायच्या आत त्यानं आपणहून थेंब घेऊ द्यायला हवेत. तो आंधळा झाला तर मग कुठला आवाज कशाचा, कुठला हात कुणाचा, त्याला कधीच कळणार नाही. आत्ता निदान दिसतंय तरी."

मावशीला हे ऐकून काय वाटलं कुणास ठाऊक. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे हा कोरडा पडलाय. वेतही कोरडा असताना वाकवला तर मोडतो."

कुत्रा घरी आला तो पिंजऱ्यातून सरळ सोफ्याखाली गेला. मावशीनं त्याला नाव ठेवलं नाही. "आधी ओळख तर होऊ दे," म्हणाली आणि त्याला पाहुणा म्हणायला लागली. सकाळी सोफ्यासमोर वाकून म्हणायची, "पाहुणे, जेवण मांडलंय. आम्ही आत जातो, तुम्ही सावकाश घ्या."

"तुझा पाहुणा आहे की भाडेकरू?" आई विचारायची. "तो तुझ्या घरात राहतो आणि तू त्याला दिसू नये म्हणून स्वयंपाकघरात. घर कुणाचं म्हणायचं?"

मावशीनं त्याच्यासाठी फार केलं. वेताला घाबरणारा कुत्रा वेताच्या घरात आलाय हे तिच्या मनात सतत होतं. तिनं भिंतीला टेकवलेल्या जुड्या चादरींनी झाकल्या. कामाची बैठक उचलून मागच्या मोकळ्या जागेत नेली. पुढच्या खोलीतून वेत मागे न्यायचा झाला तर ती तो पाठीमागे धरून, भिंतीला अंग घासत, तिरकी तिरकी जायची. थेंबांची बाटलीही तशीच. एका हातात उकडलेलं अंडं पुढे करायचं आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत बाटली पाठीमागे. लहान मुलांना औषध पाजताना आपण सगळेच करतो तसं.

आणि पाहुणा दिवसेंदिवस बिघडत गेला. आधी रिकाम्या खोलीत तरी बाहेर यायचा, आता तेही बंद झालं. सोफ्याखालीच घाण करायला लागला. अंड्याचा वास आला तरी गुरगुरायचा. एकदा मावशीच्या मनगटाला त्याचे दात लागले. खोल नाही, पण लागले. आई मलमपट्टी करता करता म्हणाली, "झालं ना? आता परत दे. तुझ्या हातावर तुझं पोट आहे. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतशील?"

"घडा पालथा नाहीये," मावशी म्हणाली. "मीच कुठेतरी चुकीच्या बाजूनं ओततेय."

माझी नोकरी मोजमापाची यंत्रं तपासण्याची आहे. वजनकाटे, तापमापक, दाबमापक बरोबर दाखवतात की नाही ते मी बघते. त्यामुळे काही बिघडलं की मला आधी नोंद हवी असते, मग उपाय. मी एक लहानसा कॅमेरा आणला आणि सोफ्याच्या पायाला आतून चिकटवला. कुणी नसताना तरी पाहुणा बाहेर येतो का ते कळावं, एवढाच हेतू. कॅमेऱ्याचं तोंड बाहेर होतं, म्हणजे त्यातून दिसायचं ते पाहुण्याला दिसायचं तेच.

सुट्टीच्या दिवशी मावशी आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ते बघायला बसलो. पडद्यावर फरशी, फरशीवर टेबलाचे पाय, दूरवर दाराची चौकट. मग दारातून दोन पावलं आली.

"अगंबाई, हे माझे पाय?" मावशी हसायलाच लागली. "हत्तीण चालून येतेय असं वाटतंय!"

पावलं जवळ आली. वरून एक हात खाली आला, त्यात अंडं. दुसरा हात कोपरापर्यंत दिसत होता आणि पुढे पाठीमागे गडप. मावशीचं हसू थांबलं.

"जरा मागे घे."

मी घेतलं. पुन्हा पावलं, पुन्हा अंडं, पुन्हा गडप झालेला हात. मग दुसरा दिवस: भिंतीला घासत जाणारी बाई, पाठीमागे काहीतरी लांब. तिसऱ्या दिवशीही तेच.

"हिचा दुसरा हात कुठे आहे?" मावशीनं विचारलं. ती पडद्यावरच्या बाईबद्दल अशी बोलत होती, जणू ती कुणी शेजारीण होती.

"पाठीमागे."

"त्यात काय आहे?"

"औषध आहे, मावशी."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्याला?" तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "अगं, मारणारा माणूस काय छडी मिरवत येतो? गोड बोलत येतो आणि मागे लपवून आणतो. मी रोज त्याच्याकडे अशीच जातेय. हिला तर मीसुद्धा चावले असते."

हे मला दिसलं नव्हतं. मी तेच चित्रण आधी दोनदा बघितलं होतं, पण मी त्यात कुत्रा शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले. मावशीनं पुढच्या खोलीतल्या जुड्यांवरच्या चादरी एकेक करून काढल्या, घाई न करता, सोफ्याखालून दिसेल अशा बेतानं. कामाची बैठक परत पुढे आणली. स्टूल, घमेलं, घडीचं फडकं. एका दंतवैद्याच्या दवाखान्यातली खुर्ची समोर ठेवली. मग हत्यारांची ओळ मांडली आणि ओळीच्या शेवटी, चिमट्याच्या पलीकडे, थेंबांची बाटली ठेवली.

मी दाराबाहेर पायरीवर बसून फोनवर कॅमेऱ्याचं चित्र बघत होते. सोफ्याच्या पायाला टेकलेल्या पाहुण्याचं थरथरणं कॅमेऱ्यालाच जाणवत होतं. सगळी खोली पडद्यावर हलत होती. मावशीनं घमेल्यातून ओली पट्टी उचलली. हवेत धरली. ती छडीसारखी ताठ राहिली नाही, मऊ दोरीसारखी खाली लोंबली. मावशीनं ती भोकात ओवली, खुंटी ठोकून बसवली, टोच्या उचलला, वापरला, जागेवर ठेवला. कात्री उचलली, वापरली, जागेवर ठेवली. बाटलीही उचलली, झाकण काढलं, लावलं, जागेवर ठेवली. सोफ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. दुपारपर्यंत खोलीचं हलणं कमी झालं होतं.

आमच्या कामात यंत्रावर विश्वास बसण्याची एकच रीत आहे. तेच वजन पुन्हा पुन्हा ठेवायचं आणि काटा दर वेळी तिथेच येतो का ते बघायचं. त्या दिवसांत मला वाटत राहिलं की सोफ्याखाली बसून कुणीतरी माझ्या मावशीची तपासणी करतंय. तो एका डोळ्यानं हाताबरोबर जायचा: हात हत्यारापाशी, हत्यार खुर्चीपाशी, परत फडक्यावर. पुन्हा. पुन्हा. ज्याला माणसाच्या हातानं इतका मार दिलाय, त्यानं तोच हात इतक्या बारकाईनं बघायचा म्हणजे काय धैर्य लागत असेल! पळायला जागा नाही, बोलायला भाषा नाही, आणि तरी बघणं त्यानं सोडलं नाही.

विणताना वेत मधेच सुकतो. तो ओला ठेवायला मावशी बोटांनी पाण्याचे शिंतोडे उडवायची. पण झटकलेला हात पाहुण्याला चालत नाही हे तिच्या ध्यानात आलं. तिनं डॉक्टरांना फोन केला, "थेंबांची रिकामी बाटली आहे का हो?"

"रिकामी? भरलेली संपली का?" डॉक्टरांना आनंद झाला.

"नाही, अजून एकही थेंब घातला नाही. पण रिकामी हवीय."

डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी काही न विचारता पाठवली. मावशीनं ती स्वच्छ धुऊन पाण्यानं भरली आणि वेतावर त्यातून थेंब टाकायला लागली. टप. टप. तीच बाटली, तोच आकार, आणि त्यातून निघून निघून काय निघतं, तर पाणी.

मग एके दिवशी पाहुणा बाहेर आला. मी तिथे नव्हते, कॅमेऱ्यात नंतर बघितलं. आधी नाक, मग एक पंजा, मग पोट फरशीला घासत सगळं अंग. तो मावशीकडे गेला नाही. समोरच्या खुर्चीखाली जाऊन बसला. चारही बाजूंनी पाय, डोक्यावर छत. त्याच्या दृष्टीनं तो दुसरा सोफाच होता. फरक एवढाच की या छताला भोकं होती. जाळीच्या अजून पहिल्याच पट्ट्या पडल्या होत्या, उभ्या आणि आडव्या, मधे मोठे चौकोन. त्या चौकोनांतून त्याला वर मावशीचा चेहरा दिसत होता.

मावशीचे हात थांबले नाहीत. तिनं सवयीनं बाटली उचलली आणि वेतावर थेंब टाकला. तो पट्टीवरून घसरून खाली गेला आणि पाहुण्याच्या नाकावर पडला. तो दचकला, उठायला गेला, डोकं चौकटीला लागलं. मावशी जागच्या जागी दगड झाली. पाहुण्यानं जीभ बाहेर काढली आणि नाक चाटलं. मग परत खाली बसला.

"पाहुणे, माफ करा हं," ती हलकेच म्हणाली. "छप्पर गळतंय."

त्यानंतर तेच सुरू झालं. तो खुर्चीखाली यायचा आणि मावशी मधूनच एखादा थेंब मुद्दाम चुकवायची. पंज्यावर. नाकावर. दोन डोळ्यांच्या मधे. पण एक अडचण होती. जाळी जसजशी विणली जाते तसतशी तिची भोकं लहान होत जातात. उभ्या-आडव्या पट्ट्यांवर पुन्हा उभ्या-आडव्या येतात, मग दोन्हीकडून तिरप्या. शेवटी खिडकीच राहत नाही. म्हणून आयुष्यात कधी न केलेली गोष्ट मावशीनं केली. काम अर्धवट ठेवलं. ती रोज थोडं विणायची आणि पाहुणा सोफ्याखाली गेला की तेवढंच उसवायची.

दंतवैद्य खुर्ची मागायला दारात आले. "अहो, अजून तेवढीच? माझे पेशंट उभे राहतात."

"काय करू? तुमच्या खुर्चीखाली माझा एक पेशंट बसलाय."

त्यांनी वाकून बघितलं. खालून एक डोळा त्यांच्याकडे बघत होता. ते लगेच सरळ झाले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तो काय, दाताचा आहे का?"

"डोळ्याचा."

"मग राहू दे. दाताचे तसेही बसायला तयार नसतात."

खरा थेंब पडला तेव्हा मी खोलीत होते, कोपऱ्यात, उशी घेऊन जमिनीवर. डॉक्टरांनी आदल्या आठवड्यात दारातूनच टॉर्च न लावता बघितलं होतं आणि म्हणाले होते, झाक बाहुलीच्या काठाला टेकलीय. मावशीनं त्या दिवशी पाण्याची बाटली जागेवर ठेवली आणि तिच्या शेजारची औषधाची उचलली. खुर्चीखाली पाहुणा एका कुशीवर पडून वर बघत होता. त्या चौकोनातून त्याचा उरलेला डोळा पूर्ण दिसत होता. तपकिरी, कडेला दुधाची रेघ, आणि मधे काळी बाहुली, जिच्यात खिडकीचा एवढासा उजेड.

मावशीनं बाटली चौकोनावर आणली. ज्या हातानं ती न बघता टोच्या भोकात घालते, तो हात बाटली दाबेना. खाली पाहुणा हलला नाही. बाटलीच्या टोकाला थेंब फुगला, लोंबला, आणि तो डोळा त्या थेंबाकडे बघत होता. तो काय आहे, कुठून येतोय, कुठे पडणार, सगळं त्याला दिसत होतं. डोळा मिटायला त्याला अख्खा क्षण मिळाला होता. त्यानं तो उघडा ठेवला.

थेंब पडला. पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. बस्स, एवढंच झालं. रस्त्यावरून एक भाजीची गाडी ओरडत गेली. मी माझ्या आयुष्यात मोठमोठी यंत्रं बघितली आहेत, केसाच्या जाडीचा हजारावा भाग मोजणारी. इतकी नाजूक गोष्ट घडताना मी कधी बघितली नव्हती. एका जिवानं जगाबद्दलचं आपलं मत बदललं होतं, आणि त्याचा आवाजही झाला नव्हता.

मावशीनं बाटली जागेवर ठेवली. मग टोच्या उचलला आणि विणायला लागली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "इंजिनेर बाई, आत्ता नाही. कामात आहे मी."

दंतवैद्यांची खुर्ची काही जन्मभर ठेवून घेता येणार नव्हती. शेवटच्या तिरप्या पट्ट्या घालताना मावशीचा हात जड झाला होता. खिडकी बंद झाली की काय होणार, हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आई त्या दिवशी मुद्दाम आली होती. बोलायची नाही या अटीवर तिला दारापाशी बसू दिलं होतं, आणि ती अट पाळताना तिला किती त्रास होत होता ते दिसत होतं.

थेंबांची वेळ झाली. पाहुणा खुर्चीखाली गेला, पडला, वर बघितलं. वर घट्ट जाळी. त्यानं मान इकडून तिकडे केली. उठला. खुर्चीच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आला, मावशीच्या बाजूनं. अंग अजून थरथरत होतं, शेपूट पोटाखाली होती. तो हत्यारांची ओळ हुंगत गेला: टोच्या, खुंट्या, कात्री, चिमटा, आणि बाटलीपाशी थांबला. मग खाली बसला आणि बाटलीशेजारी फडक्यावर हनुवटी टेकवली, ओळीतलं पुढचं हत्यार असल्यासारखी.

मावशीनं बाटली उचलली, त्याला दिसेल अशी फिरवून आणली आणि थेंब घातला. मधे आता काहीच नव्हतं. मग बाटली ठेवली. हात परत घेताना तिच्या करंगळीची बाजू त्याच्या दुमडलेल्या कानाला लागली. त्यानं कान हलवला, पण हनुवटी उचलली नाही.

दारापाशी आई नाक पुसत होती. "धूळ फार झालीय गं तुझ्या घरात," ती म्हणाली.

डॉक्टर तपासायला आले ते बऱ्याच आठवड्यांनी. मावशीनं त्यांना आधी जमिनीवर बसवलं. एवढ्या अंगाचे डॉक्टर मांडी घालताना कण्हले, पण बसले. त्यांचा टॉर्च, भिंग, कापूस तिनं ओळीनं मांडून घेतलं आणि एकेक उचलून परत ठेवायला लावलं. "मी परीक्षेला बसलोय असं वाटतंय," ते म्हणाले. पाहुणा प्रत्येक वस्तू हुंगून मावशीच्या पायाला टेकून उभा राहिला. टॉर्चचा उजेड डोळ्यात गेला तेव्हा त्याच्या पाठीचे केस उभे राहिले, पण पाय हलले नाहीत.

डॉक्टर भिंगातून फार वेळ बघत राहिले.

"झाक मागे सरकलीय," ते म्हणाले. "बाहुली मोकळी आहे. हा डोळा राहील. थेंब मात्र जन्मभर."

"कुणाच्या? त्याच्या की माझ्या?"

"ज्याचा आधी संपेल त्याच्या."

"मग त्याला सांगा, माझा लवकर संपायचा नाही. खुर्च्या साठल्यात."

डॉक्टरांना उठवायला आम्हा दोघींना हात द्यावा लागला. ते गेल्यावर मावशी कामाला बसली नाही. स्टुलावर नुसतीच बसून राहिली, हात मांडीवर उताणे. बोटांची टोकं वेतानं घासून गुळगुळीत झालेली आहेत तिची. खिडकीतून ऊन येत होतं. जवळच्या जुडीवरून वेताचा एक सुटा तंतू, केसाएवढा, वाऱ्यानं उचलला गेला आणि उन्हात तरंगायला लागला. वर गेला, खाली आला, उन्हाबाहेर गेला की दिसेनासा व्हायचा, परत आत आला की चमकायचा.

पाहुण्याचं डोकं त्याच्याबरोबर वळत होतं. डावीकडे, उजवीकडे, वर. कान उभे. हातांवर लक्ष नाही, दारावर नाही. आजवर मी त्याला पहारा देताना बघितलं होतं. आज तो पहिल्यांदाच काहीतरी नुसतं बघत होता.

"दिसतंय गं त्याला," मावशी कुजबुजली. "एवढंसं दिसतंय."

तंतू त्याच्या नाकासमोरून गेला. पाहुण्यानं पुढचे दोन्ही पाय उचलून हवेत एक वेडीवाकडी उडी मारली, तोंड मिटलं, तंतू निसटला, आणि तो फरशीवरून घसरत जाऊन वेताच्या जुडीवर आदळला. सगळे वेत खडखडत त्याच्या अंगावर कोसळले. मावशी आणि मी एकदमच उभ्या राहिलो.

तो वेतांच्या ढिगातून बाहेर आला, अंग झटकलं आणि तंतू कुठे गेला ते वर बघायला लागला.